खिंडीतले गेरूचे ठसे

पूर्वी चंपकवती नगरीत राजा सुवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गरीब ब्राह्मणाच्या घरी जन्मास आले आणि पुढे मोठे आचार्य झाले. राजाचे नाव सुवर्माच होते का, हे आता छातीवर हात ठेवून सांगवत नाही. कथा ऐकल्याला फार काळ लोटला. तेव्हा कानावर काय पडले आणि नंतर मनाने काय भरले, यांची सरमिसळ झाली असेल अशी धास्ती वाटते. नावात चूक असली तर ती वाचकांनी पोटात घालावी. खिंड मात्र होती, ठसे होते आणि त्या ठशांपुढे थांबलेले सैन्यही होते. एवढ्याविषयी शंका नाही.

आचार्यांचे नाव उपशम. त्यांची पाठशाळा नगराबाहेर, मालिनी राज्याकडे जाणाऱ्या खिंडीच्या पायथ्याशी होती. राजा तिथेच शिकला, अमात्य कुंभक तिथेच शिकला आणि सेनापती केतुमानही तिथलाच. सैन्यातला बहुतेक प्रत्येक नायक लहानपणी त्या अंगणात बसून पाठ घोकलेला होता.

त्या पाठशाळेची एक रीत होती. विद्या पुरी झाली की शिष्याने गेरू कालवून आणावा, आचार्यांच्या तळपायांना लावावा आणि आपल्या कोऱ्या उपरण्यावर त्यांचा ठसा घ्यावा. ते उपरणे तो जन्मभर जपून ठेवी. त्या दिवसापासून एक नेमही लागे. आचार्यांचे पाऊल उमटलेले दिसले तर त्यावर पाय द्यायचा नाही आणि ते ओलांडायचेही नाही. आचार्य पावसाळ्यात ओढ्यावर जाऊन आले की मागून येणारे शिष्य चिखलातली पावले चुकवीत काठाकाठाने चालत. गुरुमाता शीलवती हसून म्हणत, "अरे, बेडकासारखे उड्या काय मारता? पडाल."

केतुमानाला या सगळ्याचा फार अभिमान होता. विद्यार्थी असताना आचार्यांचे पाय धुण्याची आपली पाळी त्याने कधी चुकवली नाही. उलट कुंभकाची पाळीही तोच करी, कारण कुंभकाला त्या दिवशी नेमकी पोटदुखी होई. आचार्यांच्या टाचांना भेगा होत्या. गुरुमाता त्यांवर कोकमाचे तेल लावीत, पण भेगा काही बुजत नसत. केतुमान सेनापती झाला, हत्तीवर बसू लागला, तरी डोळे मिटले की ते पाय त्याला तळहातावरच्या रेषांसारखे दिसत.

एका वर्षी माघातल्या स्नानपर्वासाठी नदीच्या संगमावर दोन्ही राज्यांचे लोक जमले. सुवर्मा सगळ्यांदेखत वाळूत गुडघे टेकून आचार्यांच्या पायांवर डोके ठेवू लागला. शेजारीच मालिनीचा राजा जयंधर उभा होता. तो तरुण होता, तोंडाचा फटकळ होता आणि त्याच्याभोवती हसणारे लोक होते. तो म्हणाला, "चंपकवतीच्या राजाला शेतीची आवड दिसते. या म्हाताऱ्याच्या टाचांच्या भेगांत आमची एक पेरणी सहज होईल."

मालिनीचे लोक खदखदून हसले. सुवर्म्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. पर्व असल्याने त्याने तलवारीला हात लावला नाही, पण नगरीत परतताच युद्धाची दवंडी पिटवली.

साऱ्या नगरीला ते पटले. जमीन किंवा खंडणी यांच्यासाठी तर राजे रोज लढतात, आपण गुरूच्या मानासाठी लढणार, असे लोक ताठ मानेने म्हणू लागले. कुंभकाने सुचवले, "महाराज, निशाणावर सिंह नको. आचार्यांच्या पायांचा ठसा हवा. ज्या पायांना ते हसले तेच मालिनीच्या वेशीवर फडकू देत." राजाने तत्काळ शुभ्र रेशमाची निशाणे शिवून घेतली आणि ठसा आणण्याचे काम केतुमानाकडे सोपवले. केतुमानाला वाटले, जन्माचे सार्थक झाले.

तो पाठशाळेत गेला तेव्हा आचार्य ओसरीवर पाय पसरून बसले होते आणि गुरुमाता टाचांना तेल लावीत होत्या. केतुमानाने साष्टांग नमस्कार घालून सगळे सांगितले. जयंधराचे शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळली, पण आचार्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले.

"पेरणी!" आचार्य हसले. "बरं सुचलं हो त्याला. शीले, यंदा तीळ पेरावेत म्हणतो."

"तिळाला काळी जमीन लागते," गुरुमाता म्हणाल्या. "हा नुसता मुरूम आहे."

केतुमानाला हसू आले नाही. "आचार्य, आपल्याला विनोद सुचतो. आमचं रक्त उकळतंय. आपल्या पायांचा अपमान झाला."

"माझ्या पायांना तसं काही वाटलं नाही रे. त्यांना थंडीत दुखतं तेवढंच."

"मग आम्ही त्यांच्यावर डोकं ठेवतो ते कशासाठी?"

आचार्यांनी पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. नंतर त्यांनी जे सांगितले ते याच शब्दांत सांगितले की थोड्या वेगळ्या, कोण जाणे. अर्थ मात्र हाच होता.

"बाळ, डोकं मोठं चपळ असतं. बसल्या जागी ते हिमालयात जाऊन येतं आणि क्षमा, दया, सत्य सगळं पाठ म्हणून दाखवतं. जीभही तशीच. पाय मंद असतात. ते जिथं असतात तिथंच असतात, त्यांना खोटं बोलता येत नाही. मला जे कळलं, त्यातलं जेवढं पायांपर्यंत उतरलं तेवढंच माझं. बाकीचं पाठांतर. तुम्ही वाकता ते त्या उतरलेल्या भागापुढे. तो भाग किती आहे, माझी मला खात्री नाही."

केतुमान मान खाली घालून ऐकत होता, पण त्याचे मन निशाणांत होते. तो म्हणाला, "तरी ठसा द्यावा, आचार्य. सैन्य वाट पाहतंय."

"कधी निघता?"

"उद्या सकाळी. याच खिंडीतून."

"ठीक आहे. ठसा देतो," आचार्य म्हणाले. "पण निशाणावर नको. उद्या तुमच्या वाटेवरच देईन."

केतुमान हरखला. आचार्य स्वतः वाटेवर येऊन आशीर्वाद देणार, असा त्याने अर्थ घेतला आणि राजाला तसेच सांगितले. राजाने नगारे दुप्पट केले.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा सैन्य खिंडीपाशी पोहोचले. पुढे केतुमान, मागे राजा आणि कुंभक, त्यांच्यामागे नायकांच्या रांगा आणि कोरी निशाणे. खिंडीचा गळा इतका अरुंद होता की तिथून एका वेळी एकच हत्ती जाई. दोन्ही बाजूंना सरळ कडे आणि तळाला सपाट कातळ.

केतुमानाने घोडा थांबवला. गळ्यातला सगळा कातळ लाल झाला होता. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, उजवे पाऊल, डावे पाऊल, पुन्हा उजवे, बोट ठेवायला जागा उरू नये असे दाट ठसे उमटले होते. पुढे ते विरळ होत गेले होते आणि मग पावलांची एकच ओळ मालिनीच्या दिशेने उतरत गेली होती. अलीकडे एका दगडावर गुरुमाता बसल्या होत्या. त्यांच्यापाशी गेरूचा रिकामा हंडा होता.

नगारे एकामागून एक बंद पडले.

राजा पुढे आला. "माते, हे काय?"

"तुम्हाला ठसा हवा होता ना? पहाटेपासून देत होते. घ्या उचलून."

"आणि आचार्य?"

"ते गेले पुढे. जयंधराकडे."

"एकटे?"

"पाय दोन आहेत," गुरुमाता म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी खिंडीपलीकडे पाहिले आणि त्यांचा हात हंड्याच्या कडेवर घट्ट आवळला गेला.

राजा अस्वस्थ झाला. आता तर जायलाच हवे होते. गुरूचा अपमान करणाऱ्याच्या दारात गुरू एकटे गेले होते. त्याने आज्ञा केली, "सेनापती, सैन्य पुढे घ्या."

केतुमान घोड्यावरून उतरला. आयुष्यात त्याने राजाची आज्ञा मोडली नव्हती. तो ठशांच्या कडेपर्यंत गेला आणि वाकून पाहू लागला. गेरू वाळला की फिकट होतो. काही ठशांच्या टाचा मात्र वाळूनही गडदच राहिल्या होत्या. भेगांतून रक्त आले होते, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

कुंभक पुढे सरसावला. "महाराज, शेवटी हा गेरू आहे. पाणी ओतलं की वाट मोकळी. आणा रे एक पखाल."

पखाल आली. ती घ्यायला कोणी पुढे होईना, तेव्हा कुंभकाने स्वतःच ती खांद्यावर घेतली आणि तोंड सोडू लागला.

"ओत, कुंभका," गुरुमाता शांतपणे म्हणाल्या. "पाय धुवायची तुझी पाळी नेहमी हा केतुमान करायचा. आज तरी तुझी तू कर."

मागच्या नायकांत कुणी तरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. कुंभकाचे कान लाल झाले. तो पखाल घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने ती हळूच खाली ठेवली आणि तिच्याजवळच बसला.

"आपण त्यांच्याच मानासाठी निघालो आहोत," राजा चिडून म्हणाला. "हे त्यांना कळत कसं नाही?"

केतुमान हात जोडून म्हणाला, "महाराज, त्यांच्या मानासाठी त्यांच्याच ठशांवर घोडे घालायचे असतील तर मी सेनापती आहे, आपल्या मागोमाग येईन. पण पहिलं पाऊल आपण टाकावं. माझ्याच्यानं ते होणार नाही."

सुवर्म्याने पादत्राण काढले आणि पाय उचलला. सारे सैन्य त्या पायाकडे पाहत होते. पाय हवेत राहिला. तो शूर राजा होता आणि रणात त्याचे पाऊल कधी अडले नव्हते, पण लाल कातळाच्या वीतभर वर ते अडले. त्याने ते मागे घेतले, गुडघे टेकले आणि सर्वांत जवळच्या ठशावर कपाळ टेकवले. उठला तेव्हा कपाळाला गेरू लागलेला होता.

"आता आपण काय करायचं?" त्याने विचारले. राजासारखे नव्हे, पाठ विसरलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"थांबायचं," केतुमान म्हणाला.

इतके मोठे सैन्य केवळ एका म्हाताऱ्याच्या पावलांपुढे बसून राहिले. दुपार कलली. केतुमानाने पाण्याचा घोट घेतला नाही. आचार्यांना काही झाले तर हा नेम मोडायचा आणि मग तलवार आपल्यावरच चालवायची, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण त्या भीतीतही त्याची मान अभिमानाने ताठ होती. किल्ले अडवतात, नद्या अडवतात. नुसत्या पावलांनी सैन्य अडवणारा गुरू दुसऱ्या कोणाला मिळाला आहे?

उन्हे तिरपी झाली तेव्हा खिंडीच्या पलीकडून दोन माणसे चढत येताना दिसली. आचार्यांच्या पायांना मऊ वस्त्राच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. त्यांचा हात धरून जयंधर अनवाणी चालत होता. ठशांपाशी येताच तो थबकला आणि पलीकडचे मुके सैन्य पाहत राहिला.

"आचार्य, इथून पुढे कसं यायचं?"

"माझे ठसे पुसायला मला कोण अडवणार?" आचार्यांनी कुंभकाची पखाल मागवली. पण ठसे ओलांडल्याशिवाय ती नेणार कोण, तेव्हा गुरुमाताच ती ओढत घेऊन गेल्या. त्यांनी तो नेम कधी घेतलाच नव्हता. आचार्यांनी पाणी ओतले, आपल्या उपरण्याने कातळ पुसला आणि पाहुण्यापुरती वाट केली.

जयंधर सुवर्म्यासमोर आला. "संगमावर मी जे बोललो, ते परत घेतो," तो म्हणाला. सुवर्म्याने त्याला मिठी मारली आणि सुवर्म्याच्या कपाळावरचा गेरू जयंधराच्या छातीला लागला.

आचार्यांचे पाय जयंधराने स्वतः धुतले, ही वार्ता रात्र होण्याआधी नगरीत पोहोचली. लोकांना धन्य वाटले. कोणी आचार्यांना विचारले तर ते एवढेच म्हणत, "पाहुणा चालत दारी आला की पाय धुवायची रीत त्यांच्याकडेही आहे. त्यात विशेष काय?"

विहारात दोन भिक्षू आपापल्या उपाध्यायांपैकी कोणाला आधी वंदन व्हावे यावरून हातघाईवर आले होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा सुवर्मा आणि राजा जयंधर म्हणजे आज भांडणारे हे दोघे. यांची खोड जुनी आहे. कुंभक तो उत्तिय. गुरुमाता शीलवती ती उपासिका विमलमती. सेनापती केतुमान म्हणजे शेवटच्या रांगेत बसलेला हा वृद्ध धम्मगुत्त. आणि आचार्य उपशम मीच होतो." असे सांगून त्यांनी क्षांतीची, म्हणजे सहन करून शांत राहण्याच्या गुणाची, महती सांगितली.

एक गोष्ट सांगायची राहिली. आचार्य निवर्तल्यावर कित्येक वर्षांनी केतुमान राजदूत म्हणून मालिनीला गेला. जयंधरही तेव्हा म्हातारा झाला होता. त्या दिवशी दारात नेमके काय घडले, हे केतुमानाने त्याला विचारले आणि मग पाय धुताना झारी धरून उभ्या राहिलेल्या दासीलाही वेगळे गाठून विचारले. दोघांचे सांगणे तंतोतंत जुळले. पाय जयंधराने धुतले होते हे खरे, पण ते नंतर. दार उघडले तेव्हा आचार्यांनी वाकून त्या तरुण राजाच्या पायांना हात लावला होता आणि म्हटले होते, "माझी मुलं रागावून निघाली आहेत. चूक माझ्या शिकवण्यातली आहे." हे त्या दिवशी सैन्याला कळले असते तर ठसेही त्याला थांबवू शकले नसते, म्हणून आचार्यांनी ते मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. आधी वाकले ते आचार्य.