रुमालाची घडी

"मग घंटा मला मिळणारच नाही का, आक्का?"

यमुनाक्का ओवरीत वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आज कोण रडलं?"

"...साळू."

"काल?"

"काल दोघं."

"आणि परवा?"

शर्वरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "परवा सगळीच."

आक्का खो खो हसल्या. इथं हिचा जीव टांगणीला लागलेला आणि बाई हसतायत! शर्वरीला असा राग आला म्हणता!

नदीकाठच्या त्या मठाच्या ओवरीत आक्का चाळीस वर्षं बालवाडी चालवत होत्या. आता डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून हाताखाली शर्वरी आली. शहरात शिकलेली, परीक्षेत पहिली आलेली. पहिली आल्याचं तिनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकीणबाईंनासुद्धा सांगून टाकलं होतं.

गाणी तिची झकास. गोष्टी त्याहून झकास. घोडं अडायचं ते गाणं संपल्यावर आणि खिचडी पानात पडण्याआधी. नळ एक, पोरं बावीस. हात धुवायची रांग दहा मिनिटं चालायची, आणि त्या दहा मिनिटांत चिमटे, ढकलाढकली, झिंज्या ओढणं, सगळं उरकून व्हायचं.

आक्कांची अट साधी होती. आठवडाभरात एक दिवस तरी त्या दहा मिनिटांत कुणी रडता कामा नये. जमलं तर बालवाडीची पितळी घंटा शर्वरीची, म्हणजे बालवाडीच तिची. नाही जमलं तर आल्या वाटेनं परत.

आज सहावा दिवस होता.

"तू काय करतेस गं त्या वेळात?" आक्कांनी विचारलं.

"करणार काय? मोकळा वेळ तो. ओरडून ओरडून सांगते, हाताची घडी, तोंडावर बोट!"

"बरं. कर बघू."

"काय?"

"हाताची घडी. तोंडावर बोट."

शर्वरी गुर्मीतच मांडी घालून बसली. दोन्ही हातांची घडी घातली... आता बोट कुठलं आणायचं? एक हात सोडवून बोट ओठांवर ठेवलं, तर घडी मोडली. पुन्हा घडी घातली, तर बोट गेलं. लहानपणापासून ऐकलेलं हे फर्मान धड पाळताच येत नाही, हे तिला आज कळत होतं.

घरी निघालेली पोरं दारातून मागं फिरली.

"बाईंना शिक्षा! बाईंना शिक्षा!"

तेवढ्यात नाकावर माशी बसली. शर्वरीनं दम धरला. माशी इकडून तिकडं फिरली. शर्वरीनं डोळे मिटले, नाक हलवलं, आणि शेवटी फाडकन स्वतःच्याच नाकावर चापट मारली.

"घडी सुटली! घडी सुटली!" पोरं नाचायला लागली. शर्वरीलाही हसू आवरेना.

"किती वेळ बसले हो मी, आक्का? पाच मिनिटं?"

"घडीभरसुद्धा नाही."

आक्कांनी कमरेचा रुमाल काढला. "घडी घालायची तर ह्याची घाल, बाई."

त्यांनी कोपऱ्यावर कोपरा ठेवला. गुंडाळलं, दुमडलं, आतून बाहेर ओढलं. बघता बघता उंदीर झाला. तो त्यांनी तळहातावर घेऊन कुरवाळला, आणि टुणकन शर्वरीच्या खांद्यावर उडवला.

पोरं किंचाळली. सगळ्यांत मोठ्यानं शर्वरी किंचाळली.

"पण आक्का, रांगेत उंदीर करायचे? माझ्या वेळापत्रकात ते बसत नाही..."

आक्का पुन्हा वाल सोलायला लागल्या.

सातव्या दिवशी शर्वरी आली ती जुन्या सुती साडीचे बावीस चौकोन फाडून. गाणं संपलं, रांग लागली, आणि प्रत्येकाच्या हातात एक तुकडा पडला.

"कोपऱ्यावर कोपरा! आता काय झालं सांगा?"

"समोसा!"

"आता समोशाची गुंडाळी!"

ज्याचे हात धुऊन झाले, तो पुसायला तोच तुकडा उलगडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचा. ज्याला जमलं तो मागच्याला दाखवायचा. कुणाचा उंदीर पोटफुग्या, कुणाच्याला तीन कान. ढकलायला कुणाचा हात रिकामाच नव्हता. रांग पुढं सरकली तरी पोरांना पत्ता नव्हता आणि नळ आपला एकटाच वाहत होता. शर्वरी इतकी रमली की आपली परीक्षा चालू आहे, हेच विसरली.

आक्कांनी घंटा वाजवली. खिचडी आली.

आणि भोकाड पसरल्याचा आवाज आला!

साळू.

शर्वरीनं साळूला कडेवर घेतलं आणि ती आक्कांसमोर येऊन उभी राहिली. डोळे तिचेही भरले होते.

"संपलं, आक्का. बॅग भरते मी."

"काय झालं तिला? कुणी मारलं?"

"नाही."

"ढकललं?"

"नाही हो. जेवायलाच नको म्हणते. उंदराचं शेपूट करायचं राहिलं..."

आक्कांनी साळूच्या मुठीतला अर्धा उंदीर चाचपून पाहिला. मग मांडीवरची घंटा उचलून शर्वरीच्या हातात दिली.

"अहो पण, आक्का... रडली ना ती!"

"रडली की."

आक्कांनी वाल सोलायला सूप पुढं ओढलं.

"उद्यापासून जरा उशिरा वाजव."