तोंडी ऑर्डर

"म्हणजे मी मुकाट्यानं ऐकून घ्यायचं? मी, सुवर्णपदकवाली?"

प्रणोती सिस्टर नुसती तणतणत होती. समोर ओसरीवर रूथबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मिशन दवाखान्याच्या त्या जुन्या मेट्रन. निवृत्त झाल्या, तरी वॉर्डातली भांडणं आधी त्यांच्याच ओसरीवर यायची.

"झालं काय, ते सांगशील?"

"आठ नंबरच्या आजोबांचं इंजेक्शन इन्चार्जबाई द्यायच्या विसरल्या. मी दाखवून दिलं. तर मला चादरींच्या खोलीत नेलं नि कानात म्हणाल्या, 'तोंड उघडलंस तर चूक तुझ्याच नावावर टाकीन. नोकरी जाईल.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. चादरींच्या घड्या घालत बसले."

एरवी एवढी तोंडाळ पोरगी! डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रूथबाई पुढं वाकल्या आणि तिच्या कानात पुटपुटल्या, "आजोबांना अर्धी गोळी. जेवणानंतर."

"अर्धी गोळी, जेवणानंतर. बरोबर?" प्रणोती खणखणीत बोलून गेली.

"अगं, ओरडतेस कशाला?"

"तोंडी ऑर्डर अशीच घेतात, बाई. ऐकलेलं मोठ्यानं म्हणायचं, सांगणाऱ्याकडून पक्कं करून घ्यायचं. तुम्हीच तर शिकवलंत!"

"मग इन्चार्जबाईंची ऑर्डर अर्धवट का घेतलीस?"

प्रणोती डोळे पुसून उठली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलताना, आजोबांच्या खाटेपाशीच, इन्चार्जबाई पुन्हा तिच्या कानाशी लागल्या.

"सिस्टर," प्रणोतीचा आवाज वॉर्डभर गेला, "मी तोंड उघडलं तर आजोबांच्या राहून गेलेल्या इंजेक्शनचा दोष माझ्या नावावर टाकणार, माझी नोकरी घालवणार. असंच म्हणालात ना? बरोबर?"

दारात नव्या मेट्रन थबकल्या. इन्चार्जबाईंची बोबडी वळली.

आजोबा उठून बसले. "परत सांगा हो बाई, मला जरा कमी ऐकू येतं!"

अख्खा वॉर्ड खो खो हसला. मेट्रननी इन्चार्जबाईंना केबिनमध्ये बोलावलं, आणि खरं काय ते तिथं बाहेर पडलं.

संध्याकाळी प्रणोती पेढे घेऊन ओसरीवर हजर. आनंद पोटात मावत नव्हता.

"नोकरी वाचली, बाई! आजोबांनी तर माझे दोन्ही हात धरले."

मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, रूथबाईंच्या कानाशी लागली आणि हळूच म्हणाली, "आता बघाच. तिला त्या वॉर्डात टिकूच देत नाही!"

रूथबाईंनी पेढा तोंडात टाकला. कानामागं हात धरला.

"मोठ्यानं म्हण, पोरी."