लहानू जावई आणि डुलणारं घर

एका गावात एक भोळा जावई होता. नाव लहानू, पण अंगानं असा, की दारातून आत शिरताना तिरकं व्हावं लागे. कुणी काही सांगितलं, की तो अक्षर न् अक्षर तसंच करायचा. म्हणून त्याचं एकही काम टिकायचं नाही. डेअरीत मालक म्हणाला, "दुधावर नजर ठेव." दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत लहानूनं नजर ठेवली.

शेवटी त्याची बायको कौसा त्याला आपल्या भावाकडे कामाला घेऊन आली. भाऊ म्हणजे दशरथराव. त्यांनी नुकतंच चाकांवरचं घर घेतलं होतं. ट्रॅक्टरला जोडायचं, धरणाच्या काठी उताराच्या माळावर नेऊन उभं करायचं, आणि शहरातल्या लोकांना भाड्यानं राहायला द्यायचं, असा बेत. घराला मधे दोनच चाकं. म्हणून चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय होते. त्यांना दशरथराव जॅक म्हणत. बटण दाबलं, की ते गुरगुरत खाली यायचे, जमिनीला टेकायचे आणि घर डुलायचं थांबायचं.

"हेही काम घालवलंत, तर मी माहेरी निघून जाईन," कौसा म्हणाली.

"माहेरीच तर आलोय तुझ्या," लहानू म्हणाला. "आता अजून कुठं जाशील?"



बहिणीचा नवरा म्हणजे मान ठेवायला हवा. दशरथरावांना कितीही राग आला, तरी ते 'अहो दाजी' म्हणूनच रागवायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी घर माळावर उभं केलं, चाकांना दगड लावले, ट्रॅक्टर सोडवला. म्हणाले, "अहो दाजी, मी आत बसून बघतो. हे बटण. पाय जमिनीला टेकले, की थांबा."

लहानूनं खाली बघितलं. पाय टेकलेलेच होते. दोन्ही. तो थांबला.

आत दशरथरावांनी चहाचा कप घेतला आणि मागच्या पलंगाकडे दोन पावलं टाकली. घराचं तोंड वर गेलं, शेपूट खाली आलं. दशरथराव पलंगाखाली गेले आणि चहा दशरथरावांवर आला.

"दाजी! पाय टेकले का?"

"केव्हाच!"

"मग बटण नाही दाबलंत?"

"दाबायच्या आधीच टेकले होते."

दशरथराव शर्ट झटकत बाहेर आले. "अहो दाजी, तुमचे नव्हे, घराचे पाय! बटण दाबलं की मोटर गुरगुरते. पाय टेकला की तिचा आवाज बदलतो. आवाज बदलेपर्यंत बोट उचलायचं नाही. कळलं?"

"कळलं. आवाज बदलेपर्यंत बोट उचलायचं नाही."

माळ होता ग्रामपंचायतीचा. घर तिथं ठेवायला सरपंच इंदूताईंची परवानगी हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी दशरथरावांनी लहानूला पाठवलं. "दाराची बेल वाजवा आणि ताईंना चहाला बोलावून आणा."

लहानूनं बेल दाबली.

"कोण आहे? आले हं," आतून आवाज आला. चांगला गोड आवाज होता. लहानूनं बोट तसंच ठेवलं.

"आले, आले!" अजून गोडच.

"अहो, आले म्हणते ना!" इथं जरासा फरक वाटला. पण खात्री नव्हती.

"कोण मेला बसलाय बेलवर! थांब, लाटणंच घेऊन येते!"

बदलला. लहानूनं बोट उचललं, हात जोडले. "दशरथ पाव्हण्यांनी चहाला बोलावलंय."

इंदूताई मनानं मोठ्या. लाटणं ठेवून आल्या. त्यांना आत बसवून दशरथरावांनी लहानूला घराच्या मागं नेलं. तिथं रात्रीत एक जॅक वीतभर मातीत गेला होता.

"अहो दाजी, बेली कसल्या दाबत बसता? इकडं बघायचं सोडून! जड वस्तू मऊ जागी टेकली, की रुतते. रुतताना दिसली, की खाली फळी सारायची. लगेच!"

"जड वस्तू रुतताना दिसली, की खाली फळी. लगेच."

दोघं आत आले. इंदूताई तब्येतीनं भक्कम. कोच नवा, गुबगुबीत. लहानू बघत होता. ताई रुतत होत्या. तो धावत बाहेर गेला आणि जॅकसाठी ठेवलेली चिखलाची फळी घेऊन आला.

"ताई, जरा उचलून धरा."

"काय उचलून धरू?"

"स्वतःला."

ताईंना कळेपर्यंत फळी आत सरली होती. ताई उभ्या राहिल्या. नव्या इरकलीवर मागं चिखलाचा पट्टा उमटला होता.

"दशरथ," त्या म्हणाल्या, "सोमवारी पंचांना घेऊन येते. घर तसूभर जरी कललेलं दिसलं, तर हा माळ विसरायचा."

त्या दिवशी कौसानं लहानूला भाकरी वाढली, पण शब्द वाढला नाही. लहानूला भाकरी गोड लागेना. त्यानं ठरवलं, सोमवारी काना-मात्रासुद्धा चुकवायची नाही.

सोमवार उजाडला. दशरथरावांनी घराला ट्रॅक्टर जोडला. पंचांना आणायला निघताना ते थांबले.

"अहो दाजी, हात जोडून सांगतो. माणसांच्या वाटेला जाऊ नका. घर तेवढं सांभाळा. ते उताराला कललंय. पण जॅकनं घर उचलायचं नसतं. जॅक मोडतो. तो नुसता धरून ठेवायला. आधी जॅक वर घ्या. ट्रॅक्टरनं घर हळूहळू हलवा, पाणसळीत आणा. बुडबुडा बरोबर मधोमध आला, की थांबा. मग चाकांना दगड, मग जॅक."

"पाणसळीत आणायचं. बुडबुडा मधोमध आला, की थांबायचं."

आता, पाणसळ म्हणजे गवंडी वापरतात ती काचेची नळी. आत थोडं पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधे आला, की समजायचं सपाट झालं. तशी एक नळी घराच्या चौकटीला लावलेलीच होती. पण ती घराचा ताप बघायची काच असावी, असं लहानूला वाटत होतं. आणि घराला ताप नव्हता.

त्यानं जॅक वर घेतले. चाकांचे दगड काढले. ट्रॅक्टर त्याला झकास चालवता यायचा. मागं वळून बघितलं. माळ उतरत उतरत थेट धरणाच्या पाण्यापर्यंत गेला होता. इतकं सोपं काम आजवर त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

कौसा पोह्यांचं पातेलं घेऊन येत होती. "अहो, उलटं कुठं निघालात?"

"पाणसळीत! तुझ्या भावानंच सांगितलंय!"

कौसानं पातेलं खाली ठेवलं आणि ती ओरडत मागं धावली. पण ट्रॅक्टरच्या आवाजात लहानूला काही ऐकू आलं नाही.

दशरथराव, इंदूताई आणि पंच माळावर आले, तेव्हा माळ मोकळा होता. चाकांच्या दोन रेघा काठाकडे गेल्या होत्या. काठावर कौसा डोक्याला हात लावून बसली होती. पुढं ट्रॅक्टर धडधडत होता. त्याच्या मागं, खिडक्यांपर्यंत पाण्यात, चाकांवरचं घर होतं. आणि घराशेजारी छातीभर पाण्यात लहानू उभा होता, पाण्याला गाल लावून, एक डोळा मिटून.

दशरथरावांच्या तोंडून 'दा' निघाला. 'जी' काही निघाला नाही.

लहानूनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"बरं झालं आलात, पाव्हणं," तो म्हणाला. "बुडबुडे मघापासून ढीगभर निघतायत. पण सगळे कडेकडेनं. मधोमध एक येईल तर शपथ! अजून जरा आत घेऊ का?"