प्रभूच्या खुर्चीची चादर

“पण सगळा अधिकार प्रभूलाच दिला आहे ना, पाळकसाहेब? स्वर्गातलाही आणि पृथ्वीवरचाही?”

“दिला आहे.”

“मग त्याची खुर्ची आपल्या सतरंजीला लागून कशी चालेल?” एलियानं विचारलं.

थोरले पाळक काठीवर हनुवटी टेकवून समोर बघत होते.

स्वर्गारोहणाचा सण दुसऱ्या दिवशी होता. गावच्या छोट्या चर्चमध्ये या सणाला एक रिकामी खुर्ची मांडतात, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर घालतात. प्रभू वर गेला, देवाच्या उजवीकडे बसला, त्याची ती आठवण. एरवी सगळी मंडळी खालीच बसते.

एलिया पाळकपणाच्या परीक्षेत पहिला आला होता. सणाचं प्रवचन यंदा त्याचं. त्यानं आठवडाभर खपून तीन पायऱ्यांचा विटांचा चौथरा बांधला होता, वरून गिलावाही केला होता. खुर्ची आता चौथऱ्यावर होती आणि तिच्या शेजारी तो.

“सगळ्या नावांच्या वरचं नाव दिलंय त्याला,” एलिया म्हणाला. “प्रत्येक गुडघा टेकेल त्याच्यापुढं.”

“माझे नाही टेकत रे, बाळा,” खालून हन्नाबाई म्हणाल्या. “त्याला ठाऊक आहे.”

पाळकसाहेब मिशीत हसले.

हन्नाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. छातीशी घडी केलेली चादर. धाकटी लेक तापातून उठली त्या वर्षी त्यांनी नेम धरला होता. प्रभूच्या खुर्चीची चादर आपण धुवायची आणि आपल्याच हातानं घालायची. एकतीस वर्षांत नेम चुकला नव्हता. यंदा नीळ जरा जास्त झाली म्हणून त्यांनी ती दोनदा खळबळली होती.

सकाळपासून त्या दोन वेळा पहिल्या पायरीपर्यंत जाऊन आल्या होत्या. पाऊल उचलत नव्हतं.

“द्या, मावशी,” एलिया वाकून म्हणाला. “मी घालतो. चादर तीच आहे ना?”

“चादर तीच आहे...”

घडी त्यांनी हातातून सोडली नाही. अंगठ्यानं तिची कड उगाच सारखी करत राहिल्या.

पाळकसाहेबांनी ते पाहिलं.

“एलिया, उद्याच्या प्रवचनात टॉवेल आहे का रे?”

“टॉवेल?”

“कंबरेला बांधला होता तो. शिष्यांचे पाय धुताना.”

“ते शेवटच्या भोजनाचं झालं, साहेब. उद्या स्वर्गारोहण आहे. उद्या सिंहासनावर बोलायचं.”

“हं.”

पाळकसाहेब उठले. काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हात वर केले.

“ती खुर्ची दे खाली.”

“खाली?”

“दे. जड नाही ती, मला माहीत आहे. मीच आणली होती बाजारातून.”

एलियानं खुर्ची दिली. पाळकसाहेबांनी ती छातीशी धरून नेली आणि हन्नाबाईंसमोर ठेवली. एक पाय डुगडुगत होता, तर त्याखाली कागदाची घडी सरकवली.

हन्नाबाईंनी चादर झटकली. खुर्चीच्या पाठीवरून सोडली, हातांवर बसवली, मग तळव्यानं एकेक सुरकुती काढू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. कुणी घाई केली नाही.

एलिया चौथऱ्यावरच उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“साहेब, राजांचा राजा आहे तो. त्याची खुर्ची अशी जमिनीवर... मंडळी काय म्हणेल? तो सगळ्यांच्या वर आहे की नाही?”

“आहेच. सगळ्यांच्या वर. तू चार विटा रचल्यास म्हणून नव्हे.”

मग पाळकसाहेबांनी कपाळाशी हात धरून वर पाहिलं, उन्हात उभं राहून नारळाकडं बघावं तसं.

“तू जरा थांब, लेकरा. मान दुखते माझी. एवढ्या वर कोण उभं आहे, तेच दिसेना.”

एलियानं खाली पाहिलं.

प्रभूची खुर्ची त्याच्या पायांच्या पातळीला होती. तिची पाठ जेमतेम त्याच्या गुडघ्याशी येत होती...

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

एलिया एक पायरी उतरला. मग दुसरी. तिसरी उतरून तो खुर्चीपाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. चादरीचं एक टोक मागं मुडपलं होतं. त्याला हात लावण्याआधी त्यानं हन्नाबाईंकडं पाहिलं.

“कर सारखं,” त्या म्हणाल्या. “माझा हात तिथं पोचत नाही.”

त्यानं टोक सारखं केलं.

“साहेब,” थोड्या वेळानं तो खालमानेनं म्हणाला, “चौथरा फोडून टाकू का?”

“का? चांगला झालाय की. कोपरेही सरळ आलेत.”

“मग त्याचं करू काय?”

“उद्या हन्नाबाईला बसव त्याच्या काठावर, पाय खाली सोडून; चढायला नको. वर्षभर बिचारी उभी राहूनच उपासना ऐकते. खाली बसली तर उठता येत नाही तिला.”

“अगं बाई, मी कुठली वर बसते,” हन्नाबाई म्हणाल्या.

एलियानं एकदा चौथऱ्याकडं पाहिलं, एकदा खुर्चीकडं.

“पण साहेब... ही वर आणि प्रभू खाली?”

पाळकसाहेब काठी घेऊन दाराकडं निघाले होते. उंबऱ्याशी थांबले.

“तिचे पाय धुवायला त्याला तसंच बरं पडेल.”