नवरदेव आणि घरगाडीची बॅटरी

कोंढवळात गेनबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा किती, तर कुणी ‘थांब जरा, आलोच’ म्हणून गेलं आणि परत यायला विसरलं, तर गेनबा दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा राहायचा. वर म्हणायचा, “त्यांनी जा म्हणून सांगितलंच नाही.”

गेनबाचे मामा रंभाजी. जन्मभर बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर लिलावात एक जुनी बस घेतली. तिच्यात दोन पलंग टाकले, ओटा बांधला, छोटा फ्रिज ठेवला. छतावर सोलरची पाटी बसवली, खाली बॅटरी. लोक तिला घरगाडी म्हणायचे.

मामांचा मुलगा संपत चौतीस वर्षांचा झाला होता. सतरा मुली बघून झाल्या. अठरावीने हो म्हटलं. पण तिचे आजोबा फार कडक. त्यांनी निरोप धाडला, “बारा पस्तीसचा मुहूर्त आहे. तेव्हा नवरदेव बोहल्यावर दिसला पाहिजे. उशीर झाला तर आमची पोरगी आमच्या घरी, तुम्ही तुमच्या घरी.”

म्हणून मामांनी वऱ्हाड घरगाडीतूनच न्यायचं ठरवलं. संपतला मागच्या खोलीत बसवलं आणि पडदा ओढला. गेनबाला बजावलं, “हळद लागलेला नवरदेव आहे. त्याला एकटं सोडायचं नाही. तू त्याच्याजवळ बस. आणि गाडीतल्या विजेकडे लक्ष ठेव.”

“ठेवतो,” गेनबा म्हणाला.

निघायच्या वेळी एकही दिवा लागेना. मामांनी बॅटरी उघडली. आतलं पाणी आटलं होतं. मामांनी बाटलीतलं बॅटरीचं पाणी ओतलं, दिवे लागले.

“बघितलंस? बंद पडलं की आधी पाणी घालायचं.”

“ध्यानात ठेवतो,” गेनबा म्हणाला.

दोन गावं गेली आणि पंखा बंद पडला. मामी नवा शालू नेसून बरोबर पंख्याखाली बसल्या होत्या. गेनबा उठला. त्याने तांब्या भरला आणि पंख्यात ओतला.

“अगंबाई! मेल्या, लग्न माझं आहे का, मला आंघोळ घालतोस?” मामी ओरडल्या.

मामांनी गाडी थांबवली. बॅटरीच्या टोकांवर पांढरा मळ साचला होता. त्यांनी पॉलिश पेपरने टोकं घासली, वर व्हॅसलीन लावलं. पंखा सुरू झाला.

“अरे शहाण्या, पाणी नाही! बंद पडलं की आधी घासायचं आणि मग व्हॅसलीन लावायचं.”

“असं होय? मघाशीच सांगायचं ना,” असं म्हणून गेनबाने उरलेला पॉलिश पेपर घडी करून खिशात ठेवला.

पुढे एका ठिकाणी नारळ फोडायला थांबले. मामा म्हणाले, “बॅटरी भरत नाहीये. सोलर काम करत नाही वाटतं. धूळ बसली असेल.”

मामा नारळ फोडून येईपर्यंत गेनबा छतावर चढला होता. त्याने सोलरची काच पॉलिश पेपरने घासली. वर घासली, खाली घासली. दमला तेव्हा शिडीवर बसून जरा वारा घेतला आणि पुन्हा घासली. मग मामींची व्हॅसलीनची अख्खी बाटली तिला चोपडली. एवढ्यात समोरून वाळूचा ट्रक गेला. सगळी धूळ काचेवर छान चिकटली.

मामा वर आले. काचेवरून बोट फिरवून बघितलं.

“चकचकीत होत नाही हो मामा,” गेनबा म्हणाला. “आणखी एक बाटली आहे का?”

“खाली उतर,” मामा म्हणाले. “आता सोलर गेलं. आहे त्या बॅटरीवर भागवायचं. नीट ऐक. ताकद पुरत नसली की हे घासायचं नाही आणि ते चोपडायचं नाही. ज्याचं आत्ता काही काम नाही, ते आधी कमी करायचं.” असं म्हणून त्यांनी एक दिवा विझवला.

“हे सोपं आहे,” गेनबा म्हणाला.

घाट चढून गाडी माथ्यावर आली. तिथं चहाची टपरी होती. अकरा वाजले होते. मामा म्हणाले, “वेळ आहे. घ्या घोटभर.” वऱ्हाड उतरलं. चहा झाल्यावर मामांनी चावी फिरवली. गाडी नुसती टक् टक् करी.

“बॅटरीत ताकदच नाही,” मामा म्हणाले. “पुढं उतार आहे. बाकीच्यांचा चहा होऊ दे, मग ढकलू.” आणि ते टपरीवाल्याशी रस्त्याबद्दल बोलत बसले.

गेनबाने ‘ताकद नाही’ एवढं ऐकलं. तो मागच्या दाराने गाडीत शिरला. इस्त्री बाहेर आली. मिक्सर बाहेर आला. मग फ्रिज आला. सगळं त्याने टपरीच्या मागे सावलीत नीट मांडलं. मग पुन्हा आत गेला. थोड्या वेळाने घाम पुसत बाहेर आला आणि सगळ्यांबरोबर गाडी ढकलायला लागला.

एका धक्क्यात गाडी सुरू झाली.

“बघा!” मामा खूश होऊन ओरडले. “कशी हलकी उठली!”

गेनबा लाजला.

बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी मांडवासमोर उभी राहिली. बँड वाजायला लागला. सुवासिनी ओवाळायला पुढे आल्या. मुलीचे आजोबा काठी टेकत आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “वेळेत आलात. उतरवा नवरदेव.”

मामा मागे गेले. पडदा सारला. पलंगावर फक्त उशी होती.

“गेनबा, संपत कुठं आहे?”

“घाटात, मामा.”

“घाटात काय करतोय?”

“काही नाही. तेच तर! मी त्याला विचारलं, दादा, तुला आत्ता काय काम आहे? तो म्हणाला, मला काही काम नाही, बाबांनी नुसतं बसायला सांगितलंय. म्हटलं, मग टपरीमागं बस. बसला बिचारा. गुणी आहे. फ्रिज उतरवायला पण त्यानेच हात लावला.”

मामी धाडकन खाली पडल्या. “पाणी आणा, पाणी!” बायका ओरडल्या.

“पाणी नाही,” गेनबा ठामपणे म्हणाला. “मामांनी सांगितलंय.” आणि त्याने खिशातून पॉलिश पेपर काढला. मामांनी वेळेवर त्याचा हात धरला.

सगळे आजोबांकडे बघत होते. आजोबांनी घड्याळाकडे बघितलं, मग गेनबाकडे. त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता काठी हातातून पडली.

“कामाचा नाही म्हणून नवरदेवच कमी केला!” ते डोळे पुसत म्हणाले. “अरे, जीप काढा! आणा त्याला. हा मुहूर्त गेला, आता गोरज धरू. सांगितलं तिथं बसून राहणारा जावई पुन्हा कुठं मिळायचा?”

मामांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच दुसरी काळजी लागली. ते गेनबावर खेकसले, “पण लेका, पहिली गोष्ट काय सांगितली होती तुला? हळद लागलेलं पोर! त्याला तिथं एकटं सोडून आलास?”

गेनबाला फार वाईट वाटलं. एवढाही भरवसा नाही?

“एकटं कसं सोडीन, मामा?” तो म्हणाला. “फ्रिजला त्याच्याजवळ बसवलंय.”