शिवेवरचा धोंडा

फार मागे, दगडांनाही माया होती तेव्हाची गोष्ट. दोन रानांच्या शिवेवर एक धोंडा होता. दर सोमवारी साळू चिमणी न चुकता त्याच्यापुढे साळीचे पाच दाणे ठेवी. एकदा कारभारी कोल्ह्याने कुणालाही न विचारता शीव सरकवली आणि धोंडा ओढ्यापलीकडे नेऊन टाकला. तिथे सोमवार उजाडला की धोंड्याला हुरहूर लागे. साळूबाई विसरली असेल का मला?

पावसाळा सरता सरता सिंहाने नव्या शिवा तपासायला कासवआजोबांना धाडलं.

"कागद अगदी चोख आहे, आजोबा. शिक्का मारा नि सुटा," कोल्हा म्हणाला.

"मी आपला जुनी-नवी शीव चालून बघतो रे बाबा."

चालता चालता आजोबा एका खळग्याशी थबकले. खळग्यात हिरवे कोंब डोलत होते आणि साळू आणखी पाच दाणे ठेवत होती.

"इथे कोण असतं गं?"

"आमचे धोंडेबाप्पा. येतील ते. माझं व्रत आहे ना!"

आजोबांनी धोंडा परत आणवला. पण खळग्याशी येताच धोंडाच कळवळून म्हणाला, "कोंब चिरडतील हो. मला चार बोटं अलीकडे ठेवा."

"म्हणजे शीव पुन्हा सरकणारच की!" कोल्हा हसला.

"सरकू दे," आजोबा म्हणाले, "पण या खेपेस आधी साळूबाईला विचार."