शब्दाचं कुलूप

त्या राज्यात पाणी वर होतं, तहान खाली होती, आणि मधल्या पाटाच्या दाराला शब्दाचं कुलूप होतं. शब्द एकट्या कारभाऱ्याला ठाऊक असायचा, आणि कारभारी तो विसरला होता.

"विसरलो नाही," लंबोजी करकोचा एका पायावर उभा राहून आठव्यांदा म्हणाला. "कुलूप बिघडलंय."

"कुलूप धडधाकट आहे. डोकं तपासून घ्या," बेडकी म्हणाली. खालच्या डबक्यात तिची दोनशे पिल्लं होती. त्यांना अजून पाय फुटले नव्हते, त्यामुळे उठून दुसरीकडे जायची सोय नव्हती, आणि ऊन डोक्यावर येईतो डबक्याचा चिखल होणार होता. "की आटल्यावर वेचायला सोपी जातील म्हणून विसरलात?"

"कारभारी झाल्यापासून मी फक्त गोगलगायी खातो," लंबोजी दुखावून म्हणाला. दरबारातल्या गोगलगाईनं हळूच शिंगं आत घेतली.

या गलक्यानं म्हातारी साळू जागी झाली. ती दिवसा झोपणारी. झोपमोड झाली की तिचे काटे तिच्याआधी उठायचे. बांधाखालच्या बिळातून ती फेंदारलेलीच वर आली आणि काय चाललंय ते बघत बसली.

चाललं होतं ते असं. लंबोजीचा कायदा होता की दर अवसेला शब्द बदलायचा. त्यात एक मोठा आवाज, एक बारीक आवाज, एक आकडा आणि एक खाकरणं असलंच पाहिजे. आणि एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालायचा नाही. असे चाळीस शब्द झाले होते, आणि एक्केचाळिसावा हरवला होता. वर आणखी एक रीत होती. शब्द दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून लंबोजी कुलपाच्या कानाला चोच लावी, आणि त्याच क्षणी सगळा दरबार मोठ्यानं त्याचा जयजयकार करी. कायद्याप्रमाणे तीन शब्द चुकले की कुलूप घटकाभर डोळे मिटून घेई. सकाळपासून ते तीनदा झोपून उठलं होतं, आणि या खेपेचेही दोन शब्द वाया गेले होते. एकच उरला होता.

"विसरलो तर आठवावं म्हणून तुम्ही खूण लिहून ठेवली होती ना?" बेडकीनं विचारलं.

लंबोजीनं पंखाखालून पिंपळाचं पान काढलं. त्यावर त्याच्याच चोचीनं टोचलेलं होतं: "तोच, आपला नेहमीचा."

सुतारपक्ष्यानं पान उलटसुलट करून पाहिलं. कुलपातला जाणकार म्हणून त्याला मुद्दाम आणलं होतं. "एकच इलाज," तो म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हाच इलाज असायचा. "फोडतो. सगळं फोडून नव्यानं बसवू. बांध थोडा जाईल."

"आणि बांधामागचं तळं?"

"तेही थोडं जाईल."

साळूला आता राहवेना. हे कुलूप तिनं घडवलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. शिंपल्याची बिजागरी आणि कोळ्याचं जाळं बघून बघून, बोटं चेंगरून घेत ती शिकली होती. लंबोजी तेव्हा अंड्यात होता. पुढे कारभारी आले, शब्द आले, कायदे आले. घडवणारी कोण हे विचारायला मात्र कुणी आलं नाही, आणि आपणहून सांगायला जाईल ती साळू कसली.

"बाजूला हो रे लंबोजी," ती म्हणाली. "तुझा शब्द तुला आठवायचा तेव्हा आठवू दे. तुझ्याआधीची एक जागा आहे या कुलपात. माझी. ती कुणी पुसली नाही, कारण ती आहे हेच तुम्हाला ठाऊक नाही."

"मग तुझा शब्द सांग," लंबोजी घाईनं म्हणाला.

"शब्द ठेवलाच नव्हता मी. तेव्हा चोरायला कोण होतं इथं? याला हात लावायचा, हे 'कोण' म्हणून विचारतं, आणि आपण काही बोलायचं नाही. दहा श्वास. बस."

"एवढंच?" सुतारपक्षी म्हणाला.

"एवढंच. पण इतक्या वर्षांत याच्यापुढे दहा श्वास गप्प राहिलेला एक प्राणी दाखव मला."

तिनं काटे उभे करून दरबाराकडे एक नजर टाकली, आणि कुलपाला हात लावला.

"कोण?" कुलूप म्हणालं.

कुणी बोललं नाही. पाचव्या श्वासाला लंबोजीचा गळा खाकरण्यासाठी हलू लागला, तशी बेडकी टुणकन उडी मारून त्याच्या चोचीवर बसली. आपल्या बाळांना खाणाऱ्या चोचीवर ती उभ्या जन्मात पहिल्यांदाच बसत होती, पण तिनं ती घट्ट मिटून धरली. सात. आठ. नऊ.

कुलूप जुनी ओळख पटल्यासारखं हसलं आणि उघडलं. पाणी पाटातून खळाळत खाली गेलं, आणि डबक्यात दोनशे शेपट्या एकदम वळवळल्या. बेडकी चोचीवरून थेट पाण्यातच गेली. गोगलगाय शिंगं बाहेर काढून तिच्या मागोमाग निघाली. पोचायला तिला संध्याकाळ होणार होती.

लंबोजीनं चोच झटकली, पिसं सारखी केली आणि दुसरा पाय वर घेतला.

"पाहिलंत?" तो दरबाराला म्हणाला. "मला शब्द आठवला होता. मी तो मनातल्या मनात म्हटला, म्हणून उघडलं."

दरबारानं क्षणभर एकमेकांकडे पाहिलं. मग सुतारपक्ष्यानं मान डोलावली, आणि त्याचं बघून बाकीच्यांच्या माना डोलू लागल्या. पाण्यातून बेडकी ओरडली, "काहीतरीच! साळूनं उघडलंय!" सुतारपक्षी म्हणाला की कारभाऱ्यांचा शब्द आतून लागला असेल तर सांगता येत नाही. भांडण पुन्हा जुंपलं.

साळूला झोप येत होती. बिळाच्या तोंडाशी जाऊन ती वळली आणि आयुष्यात पहिल्यांदाच लंबोजीला अहोजाहो करत म्हणाली:

"असं करा कारभारी, दार लावून घ्या आणि पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणा, तोवर मी इथं उभी राहून तुमचा जयजयकार करते."